पॉज न होणारा खेळ

मागच्या उन्हाळ्यात तिगावला गेलो होतो. रात्रीचे साडेआठ झाले होते. ताईने ताटं वाढली आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "जेवाले ये रे, वाढलं!"

आतून भाच्याचा आवाज आला, "दोन मिनिटं, आई. पॉज नाही होत हे."

दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. भाजी निवली. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "असा कसा खेळ हाये बापा, जो थांबतच नाही?"

घरात कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेला मी एकटा, त्यामुळे उत्तर माझ्याकडून अपेक्षित होतं. मला मात्र आधी हसू आलं आणि मग थोडं ओशाळल्यासारखं झालं. भाचा जे बोलला तेच वाक्य मी सतरा-अठरा वर्षांपूर्वी नागपूरला कितीदा तरी बोललो होतो. एकदा तर ते जिथे बोलायला नको होतं तिथेही बोललो.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत हा संवाद रोज होत असणार. म्हणून हा लेख. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातली, त्या गेमबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय ते 'रोल-प्लेइंग' गेमबद्दल. यात आपण एक पात्र घेतो, ते हळूहळू वाढवतो, एका काल्पनिक जगात हिंडतो आणि लढतो. थोडक्यात, सोंग घेण्याचा खेळ. त्यात दोन घराणी आहेत. एकात तुम्ही एकटे असता आणि बाकी सगळं जग कॉम्प्युटर चालवतो. दुसऱ्यात त्या जगात तुमच्यासारखीच हजारो खरी माणसं एकाच वेळी वावरत असतात. आपल्याकडे बहुरूपी एकटाच सोंग घेऊन दारी यायचा आणि दंडारीत मात्र अख्खं गाव उतरायचं, तसाच हा फरक.

खरं तर या खेळांची सुरुवात घोळक्यातूनच झाली. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, एकाने गोष्ट पुढे न्यायची. मग हा खेळ कॉम्प्युटरवर आला आणि टेबलाभोवतीची माणसं गेली. गोष्ट सांगणाऱ्याची जागा यंत्राने घेतली आणि खेळणारा एकटा उरला. लगेच त्याला पुन्हा सोबत हवीशी झाली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, पण एकाच जगात अनेक जण एकदम. आजच्या सगळ्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमचा तो आजा.

माझ्या वाट्याला आला तो 'रॅग्नारॉक ऑनलाइन'. मूळ कोरियाचा, पण त्या काळात त्याचा भारतासाठी वेगळा सर्व्हर होता. मी नागपूरला इंजिनीअरिंगला होतो. तिगाव-पांढुर्ण्याचं पोरगं, शाळा मराठीतून झालेली. वर्गात सर इंग्रजीत प्रश्न विचारायचे तेव्हा उत्तर येत असूनही मी मान खाली घालायचो. होस्टेलच्या मागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. तिथे एका मित्राने मला हा गेम दाखवला.

पहिल्याच दिवशी मी प्रॉन्टेराला पोचलो. ही त्या गेममधली राजधानी. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खेळाडूंनीच मांडलेली दुकानं. कोणी तलवारी विकतोय, कोणी औषधं, कोणी नुसताच कारंज्याजवळ बसून गप्पा हाणतोय. मला एकदम पांढुर्ण्याचा आठवडी बाजार आठवला. आणि यातलं प्रत्येक बाहुलं म्हणजे कुठेतरी खुर्चीवर बसलेला खरा माणूस आहे, हे कळल्यावर अंगावर काटा आला.

मी प्रीस्ट झालो. प्रीस्टचं काम मारायचं नसतं, दुसऱ्यांना वाचवायचं असतं. पुढे लढणाऱ्याचं बळ कमी झालं की मागून 'हील' करायचं, कोणी पडला तर त्याला उठवायचं. तिगाव स्टेशनच्या पुढे चिचोंड्याचा घाट लागतो. जड मालगाडीला तिथे मागून जास्तीचं इंजिन लावतात. लहानपणी मी ते बघत तासन्‌तास उभा राहायचो. पुढच्या इंजिनाकडे सगळे बघतात, पण गाडी वर चढते ती मागच्याच्या जोरावर. प्रीस्ट म्हणजे ते मागचं इंजिन. वर्गात ज्याला कोणी विचारत नव्हतं त्या मुलाला इथे लॉग-इन होताच पाच जण हाक मारायचे, "प्रीस्ट आला, चला!"

ऑनलाइन खेळाची सगळी ओढ या एका हाकेत आहे, असं मला आज वाटतं. चित्रं, जादू, राक्षस या सगळ्या वरच्या गोष्टी. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय, हे माणसाला फार लवकर लागतं. आणि गेम बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं रचलेलं असतं. एकाला सगळं येणार नाही, लढणारा वेगळा, वाचवणारा वेगळा, म्हणजे एकमेकांना धरून राहणं आलंच. बार्टलने १९९६ मध्ये एका लेखात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते. काही जण मिळकतीसाठी खेळतात, काही नवं धुंडाळायला, काही माणसांसाठी आणि काही दुसऱ्याला हरवण्यासाठी. पहिले दोघे एकट्याच्या गेममध्येही सुखी राहतात. शेवटच्या दोघांना समोर खरं माणूसच लागतं.

आता ते वाक्य, जे मी बोलायला नको होतं.

२००८ साली ऑगस्टच्या शेवटी पोळा आला, शनिवारी. आमच्याकडे पोळ्याला घरचा माणूस कुठेही असो, येतोच. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी, पोळ्याला शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, संध्याकाळी तोरणाखाली सगळ्या जोड्या. दुसऱ्या दिवशी तिकडे पांढुर्ण्यात जांब नदीवर गोटमार. नागपूरहून तिगाव शंभराच्या वर किलोमीटर, पॅसेंजरने एका सकाळीचा प्रवास. पण त्याच शनिवार-रविवारी आमच्या गिल्डची किल्ल्याची लढाई होती. गिल्ड म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांची टोळी. या गेममध्ये ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी किल्ल्यांसाठी लढाई व्हायची. प्रीस्ट नसला तर किल्ला गेलाच.

घरी फोन करून सांगितलं, परीक्षा आहे. आबाजींनी स्वतः फोन घेतला. "एक दिवसासाठी ये अन् जा," म्हणाले. मी म्हणालो, "नाही जमत आबाजी, थांबवता येत नाही ते." परीक्षेबद्दल बोलतोय असं त्यांना वाटलं. मी गेमबद्दल बोलत होतो.

किल्ला आम्ही राखला. पुढच्याच आठवड्यात तो गेलाही.

दिवाळीला घरी गेलो तर गोठा रिकामा. आबाजींचे गुडघे गेले होते, शेत ट्रॅक्टरने करायचं ठरलं होतं आणि जोडी विकली होती. तो पोळा आमच्या घरच्या बैलांचा शेवटचा होता. हे सगळ्यांना माहीत होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या वेळी पोराच्या जिवाला घोर नको, म्हणून. मी आबाजींना म्हणालो, "मी आलो असतो तर बरं झालं असतं. बैलं ओळखायची मला." ते दावं गुंडाळत होते, वर न बघता म्हणाले, "बैल थोडीच वाट पायते बापा. वाट त माणूस पायते."

त्यांना खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही. चार वर्षांनी आबाजी गेले.

पुढे रॅग्नारॉकचा तो भारतीय सर्व्हर बंद झाला. नव्वदच्या वर लेव्हलचा माझा प्रीस्ट, त्याची टोपी, आमची टोळी, सगळं एका दिवसात नाही झालं. ऑनलाइन गेममधलं तुमचं काहीच तुमचं नसतं. कंपनीने दिवा मालवला की अंधार. आमच्या टोळीत एक लोहार होता. लोहार हे त्याचं गेममधलं काम, खरं नाव मला आजही माहीत नाही. मी एम-थ्रीला नापास झालो त्या रात्री तो प्रॉन्टेराच्या कारंज्याजवळ दोन तास माझ्याशेजारी बसून होता. काही खेळलो नाही, नुसतं बोललो. घरी कसं सांगायचं, हे त्याने मला वाक्यं जुळवून दिलं. तो कुठला, काय करतो, कधी विचारलं नाही. आज शोधायचं म्हटलं तर धागाच नाही.

त्यानंतर बरीच वर्षं मी गेमला हात लावला नाही. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. ती लहान असताना रात्री जागरण व्हायचं, झोप मोडायची ती मोडायचीच. त्या काळात मी दुसऱ्या घराण्यात शिरलो. 'द विचर ३' हा पोलंडचा गेम २०१५ मध्ये आला होता. मी तो दोनेक वर्षांनी घेतला. एकट्याने खेळायचा, अफाट मोठा.

पहिल्यांदा जाणवलं ते हे, की इथे माझी कोणी वाट पाहत नाही. मुलगी रडली की एक बटण दाबायचं, सगळं जग जागच्या जागी थिजायचं. समोरचा राक्षससुद्धा पंजा उगारून तसाच थांबायचा. तिला थोपटून अर्ध्या तासाने यावं, चार दिवसांनी यावं, तो तिथेच. चुकलो तर पाहणारं कोणी नाही, जुन्या 'सेव्ह'वर जाऊन पुन्हा करायचं. आणि गोष्ट! ऑनलाइन गेममध्ये गोष्ट असते, पण ती हजारो जणांना एकच असते. एका राक्षसाला मारायला रांग लागलेली असते आणि प्रत्येकाला सांगितलेलं असतं की जगाला वाचवणारा तूच. 'विचर'मध्ये एक जहागीरदार भेटतो. दारूपायी स्वतःचं घर मोडलेला. त्याला मदत करायची की नाही, कोणाला वाचवायचं, कोणाला सोडायचं, हे आपल्यावर. कोणतंही उत्तर धड बरोबर नाही. मी गेम थांबवून खिडकीपाशी उभा राहिलो होतो त्या रात्री. ऑनलाइन खेळात हे शक्य नाही. तिथे कोणीतरी लगेच ओरडतो, "चल ना, कुठे अडकला?"

दुसरी गोष्ट, हा गेम संपला. वर्षभर अधूनमधून खेळून एका रात्री शेवट आला, नावं सरकली, मी लॅपटॉप मिटला. कादंबरी संपल्यावर होतं तसं झालं, थोडं भरलेलं, थोडं रितं. ऑनलाइन गेम असा संपत नाही. त्याला संपणं परवडतच नाही. एकट्याचा गेम बहुधा एकदाच विकत घेतो आपण. ऑनलाइन गेमचं पोट भरतं ते तुम्ही पुन्हा पुन्हा येण्यावर, कुठे महिन्याच्या वर्गणीतून, कुठे आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून. म्हणून तिथे एक लढाई संपायच्या आत पुढची ठरलेली असते.

मुलगी वाचायला लागली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून 'राजी' खेळला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला. तो अगदी रोल-प्लेइंग म्हणता येणार नाही, पण एकट्याने खेळायची गोष्ट आहे. सर्कशीत काम करणारी राजी आपल्या लहान भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगत असतात. कंट्रोलर मुलीच्या हातात, मी शेजारी. छोटा गेम, काही संध्याकाळींत संपला. नंतर बरेच दिवस तिची बडबड चालली होती, गोलूचं पुढे काय झालं असेल. एकट्याचा गेमही शेजारी कोणी बसलं की दोघांचा होतो.

तरी त्याची एक उणीव मला लपवायची नाही. लॉकडाऊनमध्ये मी पुन्हा 'विचर' काढला. त्यातल्या गावांतली माणसं चार वाक्यं आलटून-पालटून बोलतात. शंभरव्यांदा गेलो तरी पहिल्यांदा आल्यासारखीच. काही दिवसांनी ते अंगावर यायला लागलं. त्या दिवसांत मला तो लोहार फार आठवला.

ज्यांना ऑनलाइन खेळ म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी वाटते, त्यांना मी नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्ट सांगतो. त्याला डुशेन हा स्नायू झिजवणारा आजार होता. चाकाच्या खुर्चीत बसून तो वर्षानुवर्षं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. या पोराला जगात एकही मित्र मिळाला नाही, या दुःखात आईवडील होते. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी लिहिली आणि त्यांना अनोळखी माणसांच्या मेल यायला लागल्या. मॅट्सने कोणाला कठीण दिवसांत धीर दिला होता, कोणाचं घरातलं तुटलेलं बोलणं पुन्हा जोडून दिलं होतं. गेममध्ये त्याचं नाव इबेलिन होतं. अंत्यविधीला त्याच्या टोळीतली माणसं वेगवेगळ्या देशांतून आली. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये आला. तो मी ताईसोबत बसून पाहिला, मध्ये मध्ये मराठीत सांगत. ती शेवटी रडली आणि म्हणाली, "त्याच्या माय-बापाले आधी माहीत असतं त..."

तिथेच मला ताईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. दुसऱ्या दिवशी मी भाच्याच्या शेजारी जाऊन बसलो. किती तास खेळतोस, हे विचारलं नाही. तिथे तुझी वाट कोण पाहतं, हे विचारलं. तो आधी दचकला, मग सांगायला लागला. मोबाइलवर 'अल्बियन ऑनलाइन' खेळतो. हा बर्लिनच्या कंपनीचा गेम. त्यात काही भागांत मेलात तर अंगावरचं सगळं सामान जातं, म्हणून मध्येच उठून जाता येत नाही, टोळीच्या टोळी लुटली जाते. त्याच्या टोळीत एक इंदूरचा मुलगा आहे, एक फिलिपाइन्सचा, एक जण नोकरी करणारा, सगळ्यांत मोठा म्हणून सगळे त्याला 'भैया' म्हणतात. ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिला यातलं एकही नाव माहीत नव्हतं.

जुना लॅपटॉप मी त्याला दिला, त्यावर एकट्याने खेळायचे दोन गेम टाकून. संध्याकाळी तिगावला नेट डळमळतं, तेव्हा कामाला येईल. तासाभराने तो बाहेर आला. "मामा, चांगला आहे. पण इथं कोणीच नाही." दोन महिन्यांनी त्याचाच फोन, "मामा, संपला. असा शेवट करतात का कोणी?" अर्धा तास आम्ही त्या शेवटावर बोललो. एवढं सलग तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

ताईनेही एक बदल केला. 'बंद कर' म्हणण्याऐवजी ती आता आधीच विचारते, "किती वाजता सुटशीन?" तो वेळ सांगतो आणि बहुतेकदा पाळतो. एकट्याचा गेम असेल तर विचारायचीही गरज नाही, तो थांबतो. हा फरक आईबापांना माहीत असला तरी घरातली निम्मी भांडणं वाचतील.

आणि मग पोळा आला. आदल्या रात्री भाच्याने मला त्याच्या टोळीच्या गप्पांचा फोटो पाठवला. त्याने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की उद्या मी लढाईला नाही, आमच्या गावात बैलांचा सण आहे. खाली त्या फिलिपाइन्सच्या मुलाने विचारलं होतं, बैलांचा सण म्हणजे काय? भैयाने लिहिलं होतं, जा, फोटो पाठव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याने शेजारच्यांच्या जोडीचे फोटो टाकले, झूल, बेगड, तोरण सगळं. लढाई त्याच्याशिवाय झाली. ते हरले. कोणी काही बोललं नाही.

मी तो फोटो बराच वेळ बघत राहिलो. इतकी वर्षं मला वाटायचं की त्या गेमने माझा पोळा नेला. तसं नव्हतं. घरी मी परीक्षा म्हणून खोटं सांगितलं होतं, आणि टोळीलाही कधी सांगितलं नव्हतं की माझ्या घरी बैल आहेत. सांगितलं असतं, तर तो लोहार नक्की म्हणाला असता, जा.